आवाजाला घट लागू नये म्हणून

सोने आटवले की घट येते, हे सराफी पेढीवर बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. दागिना एकदा आटवला तर थोडी घट, पुन्हा आटवला तर आणखी थोडी. म्हणूनच जाणता सराफ कारणावाचून मुशीला हात लावीत नाही. इंटरनेटवरून येणारा रेडिओ घरी ध्वनिमुद्रित करून ठेवू इच्छिणाऱ्यांनी हाच व्यवहार ध्यानी घ्यावयास हवा. आवाजही आटवला जातो आणि प्रत्येक आटवणीत तो काहीतरी गमावतो. फरक एवढाच की सोन्याची घट तराजूवर ताबडतोब दिसते. आवाजाची घट उशिरा जाणवते, आणि जाणवेपर्यंत मूळ प्रसारण होऊन गेलेले असते.

रेडिओचे घरातील स्थान गेल्या काही वर्षांत बदलले आहे. दिवाणखान्यातील लाकडी पेटी गेली, तारेची एरियल गेली. आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या आता ‘न्यूज ऑन एअर’ या अ‍ॅपवरून भ्रमणध्वनीवर ऐकता येतात. त्यामुळे हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त अँटवर्पला स्थायिक झालेले कुटुंबही ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती स्वयंपाकघरात लावू शकते. १९५४ पासून चालत आलेल्या आकाशवाणी संगीत संमेलनासारखा कार्यक्रम ऐकावयाचा तर रेडिओ संचाचीही गरज उरलेली नाही. ऐकण्याची सोय झाली; जपण्याची सोय मात्र ज्याची त्याने करावयाची आहे. बहुतेक कार्यक्रम एकदा प्रसारित होतात आणि श्रोत्याच्या दृष्टीने तेथेच संपतात.

एखाद्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीची मुलाखत जिल्ह्याच्या आकाशवाणी केंद्रावरून अर्धा तास प्रसारित व्हावयाची आहे, असे समजावे. पन्नास वर्षांपूर्वीची पेठ, आडतीचे व्यवहार, लग्न होऊन आलेल्या सुनेने पाहिलेले एकत्र कुटुंब, असे पुष्कळ काही त्या अर्ध्या तासात सांगितले जाणार आहे. घरातील कोणीतरी ऐन वेळी एका फोनवर कार्यक्रम लावतो आणि दुसरा फोन त्याच्यासमोर धरून ध्वनिमुद्रण करतो. मुलाखत मिळते, पण तिच्याबरोबर पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरच्या रिक्षाचा भोंगाही मिळतो. काही वर्षांनी ती व्यक्ती घरात नसते आणि नातवंडे ते ध्वनिमुद्रण लावतात, तेव्हा शब्द कळतात, परंतु आवाज ओळखीचा वाटत नाही. हे नुकसान पुढे कोणत्याही खर्चाने भरून निघत नाही. ते टाळण्याचा उपाय मात्र जवळजवळ फुकट आहे.

त्यासाठी इंटरनेटवरून आपल्यापर्यंत नेमके काय येते, हे प्रथम समजून घ्यावे. स्टुडिओतील आवाज अंकांत मांडताना सीडीच्या दर्जासाठी प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठी प्रत्येकी १६ बिट धरले तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. या हिशेबाने एका तासाचा आवाज सुमारे ६३५ मेगाबाइट भरतो. एवढा माल सतत, हजारो श्रोत्यांकडे पाठविणे परवडत नाही. म्हणून केंद्र तो आवाज एमपीथ्री किंवा एएसी या पद्धतीने आकुंचित करते. सेकंदाला १२८ किलोबिटचा प्रवाह असेल तर तोच एक तास ५७.६ मेगाबाइटमध्ये मावतो. म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्श्यात.

उरलेले दहा हिस्से कोठे जातात? त्यांतील बराचसा भाग हेतुपुरस्सर वगळला जातो. दुकानासमोरून मालाचा ट्रक गेला की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. घड्याळ बंद पडलेले नसते, मोठ्या आवाजाने लहान आवाज झाकलेला असतो. मानवी कानाच्या याच स्वभावाचा उपयोग करून जे झाकले जाणार ते आधीच सोडून द्यावे, किंवा ओबडधोबड नोंदवावे, ही या पद्धतीमागील युक्ती आहे. जर्मनीतील एरलांगेन येथे फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमपीथ्रीच्या घडणीत मोठा वाटा उचलला. अमेरिकी गायिका सुझान वेगा यांचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांविना गायिलेले गीत त्यांनी पारखणीसाठी वापरले, कारण एकट्या मानवी कंठातील दोष चटकन उघडा पडतो. फाईलच्या नावापुढे ‘एमपीथ्री’ हे अक्षरचिन्ह लावण्याचा निर्णय १४ जुलै १९९५ रोजी झाला.

तात्पर्य, श्रोत्याच्या घरी येणारा आवाज एकदा आटवलेला असतो. ही पहिली घट केंद्राकडे झालेली आहे. तिच्यावर श्रोत्याचा इलाज नाही. दुसरी घट होऊ द्यावयाची की नाही, हे मात्र पूर्णपणे त्याच्या हाती असते.

दुसरी घट अशी होते. संगणकावर कार्यक्रम वाजत असताना आकुंचित प्रवाह उलगडून त्याचा पुन्हा पूर्ण आवाज केला जातो. ध्वनिमुद्रणाचे एखादे सॉफ्टवेअर तो वाजणारा आवाज पकडते आणि जतन करताना पुन्हा एमपीथ्रीमध्ये दाबते. पहिल्या वेळी काय वगळले, हे या दुसऱ्या यंत्रणेला ठाऊक नसते. पहिल्या आकुंचनात मिसळलेला सूक्ष्म गोंगाटही ती खराखुरा आवाज समजून नोंदविते आणि त्यावर स्वतःची काटछाट करते. परिणाम प्रथम नाजूक ठिकाणी दिसतो. तानपुऱ्याची जवारी बोथट होते, झांजेचा झणत्कार पाण्यात बुडाल्यासारखा वाटतो, टाळ्यांचा कडकडाट वाळू चाळल्यासारखा होतो, आणि बोलण्यातील ‘स’ व ‘श’ फुसफुसू लागतात. कमी बिटरेटच्या एएसी प्रवाहात तर वरच्या पट्टीचे स्वर पुष्कळदा पूर्ण पाठविलेलेच नसतात; थोड्या खुणा पाठवून ते श्रोत्याच्या यंत्रात पुन्हा उभे केले जातात. असा आवाज दुसऱ्यांदा दाबला की घट आणखी ठळक होते.

यावरचा उपाय नवी यंत्रसामग्री घेणे नव्हे. परगावाहून आलेली मोहोरबंद पेटी न फोडता गोदामात ठेवावी, तसा आलेला प्रवाह न उलगडता थेट फाईलमध्ये उतरवावा. प्रवाहातील प्रत्येक बिट जसाच्या तसा जतन झाला की मुद्रित प्रत आणि प्रसारित झालेला प्रवाह यांत तिळमात्र फरक उरत नाही. येथे ध्वनिमुद्रण होतच नाही. येणाऱ्या मालाची केवळ नक्कल ठेवली जाते. म्हणून संगणकाचा ध्वनी बंद असला, खोलीत गलका असला, तरी प्रतीवर काही परिणाम होत नाही.

हे काम करणारी साधने विनामूल्य मिळतात. ‘व्हीएलसी’ पुष्कळांच्या संगणकावर आधीपासून असते. त्यात नेटवर्क प्रवाह उघडण्याच्या ठिकाणी रेडिओ केंद्राच्या प्रवाहाचा पत्ता द्यावा. ‘व्ह्यू’ या यादीतून प्रगत नियंत्रणे दिसू दिली की लाल बिंदूचे बटण मिळते. ते दाबले की येणारा प्रवाह फाईलमध्ये उतरू लागतो. रूपांतराच्या चौकटीत कच्चा प्रवाह तसाच उतरवून घेण्याचाही पर्याय आहे. ज्यांना आज्ञा टंकित करण्याचा सराव आहे त्यांच्यासाठी ‘एफएफएमपेग’ हे साधन अधिक भरवशाचे ठरते. त्यात कोडेकच्या जागी ‘कॉपी’ हा शब्द लिहिला की ते काहीही उलगडत नाही, फक्त उतरवून घेते. किती वेळाने थांबावे, हेही आधीच सांगून ठेवता येते. घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे एकदा बसवून देण्यास अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागू नये.

अडचण बहुधा प्रवाहाचा पत्ता मिळविण्यात येते. पुष्कळ केंद्रे ‘पीएलएस’ किंवा ‘एमथ्रीयू’ अशा लहानशा फाईलचा दुवा देतात. या फाईलमध्ये आवाज नसतो, केवळ पत्ता असतो. ती साध्या मजकुराच्या खिडकीत उघडली की आतील खरा पत्ता वाचता येतो. काही केंद्रे आवाज काही-काही सेकंदांच्या तुकड्यांत पाठवितात आणि त्या तुकड्यांची यादी ‘एमथ्रीयूएट’ नावाच्या फाईलमध्ये असते. एफएफएमपेगला ही यादी दिली की ते तुकडे क्रमाने जोडून सलग फाईल करते. येथेही पुन्हा दाबण्याची गरज पडत नाही.

मुद्रणास आरंभ करण्यापूर्वी प्रवाहाची निवड करावी. एकच केंद्र कधी कधी दोन-तीन बिटरेटचे प्रवाह देते: भ्रमणध्वनीसाठी हलका, घरच्या जोडणीसाठी भारी. त्यांतील सर्वांत भारी निवडावा, कारण पहिली घट तेथेच कमी होते. ब्रिटनमधील बीबीसी रेडिओ ३ या अभिजात संगीताच्या वाहिनीने २०१० मध्ये ३२० किलोबिटचा एएसी प्रवाह सुरू केला, आणि २०१७ मध्ये प्रॉम्स संगीतोत्सवाच्या काळात ‘फ्लॅक’ पद्धतीचे, म्हणजे काहीही न वगळता केलेले प्रसारण प्रायोगिक स्वरूपात दिले. असा प्रवाह जेथे मिळेल तेथे तो अवश्य घ्यावा. ३२० किलोबिटचा एक तास १४४ मेगाबाइट भरतो. आजच्या साठवणुकीच्या भावात तो काही मोठा खर्च नव्हे.

येथेच एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. १२८ किलोबिटची फाईल ३२० किलोबिटमध्ये किंवा फ्लॅकमध्ये रूपांतरित केली की तिचा दर्जा सुधारतो, असे अनेकांना वाटते. अठरा कॅरेटच्या बांगडीवर चोवीसचा शिक्का मारल्याने तिच्यात सोने वाढत नाही. अशा रूपांतराने फाईल फुगते, एवढेच. गेलेला आवाज परत येत नाही. एमपीथ्रीची पुन्हा एमपीथ्री करताना तर बिटरेट वाढवूनही थोडी नवी घट पदरात पडते. फाईलच्या नावाचे शेवटचे अक्षरचिन्ह बदलणे हा त्याहून निरर्थक प्रकार होय. एएसी प्रवाहाच्या फाईलमध्ये मागेपुढे सरकता येत नसेल, तर तोच आवाज एफएफएमपेगच्या ‘कॉपी’ने ‘एमफोरए’ या वेष्टनात घालता येतो. माल तोच राहतो, पेटी बदलते.

फ्लॅकचा खरा उपयोग वेगळ्या प्रसंगी होतो. काही केंद्रांचा आवाज केवळ त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून वाजतो आणि प्रवाहाचा पत्ता मिळत नाही. तेव्हा वाजणारा आवाज पकडण्यावाचून मार्ग नसतो. अशा वेळी तो संगणकाच्या आतूनच पकडावा, खोलीतील हवेतून नव्हे. विंडोजवर ‘ऑडॅसिटी’ या विनामूल्य साधनात ‘वासापी’चा लूपबॅक पर्याय निवडल्यास मायक्रोफोनशिवाय हे साधते. ऐकण्याच्या साधनातील ध्वनिपातळी पूर्ण ठेवावी, बासरी-ढोलकीचा ठसका वाढविणारी सर्व सजावट बंद करावी, संदेश आल्याची घंटी बंद करावी, आणि नमुन्यांचा दर प्रवाहाच्या दराशी, म्हणजे ४४,१०० किंवा ४८,०००शी जुळवून घ्यावा. नंतर जतन मात्र फ्लॅक किंवा ‘वेव्ह’मध्येच करावे. त्यामुळे निदान दुसरी घट टळते.

मुद्रण झाल्यावर आरंभीच्या जाहिराती व शेवटच्या सूचना कापण्याचा मोह होतो, आणि जपून आणलेला माल पुष्कळदा येथेच आटवला जातो. सर्वसाधारण संपादन-साधनात एमपीथ्री उघडून, कापून, पुन्हा एमपीथ्री म्हणून जतन केली की संपूर्ण फाईल पुन्हा दाबली जाते, मग काप दहा सेकंदांचा का असेना. ‘एमपीथ्री डायरेक्टकट’सारखी साधने तसे करीत नाहीत. एमपीथ्रीचा आवाज १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत बांधलेला असतो. ४४,१०० नमुन्यांच्या दराने एक चौकट सुमारे २६ सहस्रांश सेकंदांची होते. ही साधने दोन चौकटींच्या सांध्यावर कापतात आणि उरलेल्या चौकटींना स्पर्श करीत नाहीत. तरीही मूळ फाईल न कापता बाजूला ठेवावी आणि कापाकापी तिच्या प्रतीवर करावी, हे उत्तम.

प्रत निर्दोष उतरली की नाही, हे पडताळण्याचा एक सोपा ताळा आहे. १२८ किलोबिटच्या प्रवाहाचे एक मिनिट ०.९६ मेगाबाइट भरते. म्हणजे अर्ध्या तासाची फाईल २८.८ मेगाबाइटच्या आसपास असावयास हवी. ती वीस मेगाबाइट भरली तर मध्ये जोडणी तुटली आहे किंवा कोणत्या तरी साधनाने न सांगता पुन्हा दाबले आहे. चाळीस भरली तरीही कोठेतरी रूपांतर झाल्याचा संशय घ्यावा. काही एएसी प्रवाहांचा दर थोडा खालीवर होतो, तेवढी सूट द्यावी. व्हीएलसीमध्ये कोडेकची माहिती दाखविणारी चौकट आहे. तेथे पद्धत आणि नमुन्यांचा दर वाचून प्रवाहाशी ताडून पाहावा. रोजमेळ मिळविण्यास बसणाऱ्या घरांना या हिशेबाचे ओझे वाटू नये.

काही सावधगिरी साधी, पण महत्त्वाची आहे. इंटरनेटवरील प्रवाह आकाशलहरींपेक्षा काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत मागे असू शकतो. म्हणून मुद्रण पाच मिनिटे आधी सुरू करावे आणि पाच मिनिटे उशिरा थांबवावे. शक्य तेथे वायफायऐवजी तारेची जोडणी वापरावी. संगणक काही वेळाने आपोआप झोपी जाण्याची सोय त्या दिवसापुरती बंद करावी. कार्यक्रम पुन्हा मिळणारा नसेल तर दोन संगणकांवर, शक्यतो दोन वेगळ्या जोडण्यांवर, तो उतरवून घ्यावा. एकात खंड पडला तर दुसरा उपयोगी पडतो.

फाईल तयार झाली की तिच्या नावातच केंद्र, दिनांक, वेळ, कार्यक्रम आणि व्यक्ती यांची नोंद करावी. प्रवाहाची पद्धत व बिटरेटही लिहावा. चिठ्ठी नसलेले गाठोडे कितीही मोलाचे असले तरी काही वर्षांनी ते कोणाचे, हे कोणालाच सांगता येत नाही. तीन प्रती कराव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या घरी, मुलीच्या सासरी किंवा भावाकडे असावी. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविताना फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती बदल न होता पोहोचते.

कायद्याची मर्यादाही ठाऊक असावी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने प्रसारण संस्थेला आपल्या प्रसारणावर पंचवीस वर्षांचा हक्क दिलेला आहे. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात, मुद्रण करणाऱ्याच्या खाजगी उपयोगासाठी अथवा प्रामाणिक अध्यापन व संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला सूट आहे. याचा अर्थ स्वतःसाठी जपणे निराळे आणि विकणे किंवा सर्वांसाठी जालावर चढविणे निराळे. दुसऱ्याच्या मालावर आपली पाटी लावू नये, हा पेठेतील जुना नियम येथेही लागू पडतो. कलावंताच्या व गीतकाराच्या हक्काचाही तोच मान राखावा.

खाजगी रीतीने, पण नीट जपलेले ध्वनिमुद्रण पुढे किती मोलाचे ठरते, याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम सॅव्हरी नावाचा तरुण तंत्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये रेडिओवरील जॅझ संगीत तबकड्यांवर उतरवून घेत असे. त्या काळच्या बाजारातील सर्वसाधारण तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावे. सॅव्हरीने बारा आणि सोळा इंच व्यासाच्या मोठ्या तबकड्या वापरल्या. त्यामुळे बेनी गुडमन, काउंट बेसी, कोलमन हॉकिन्स यांच्या वादनाचे लांबलचक विस्तार अखंड टिकले. या तबकड्या अनेक दशके घरच्या खोक्यांत राहिल्या. सॅव्हरी यांचे २००४ मध्ये निधन झाले आणि २०१० मध्ये त्यांच्या मुलाकडून हार्लेममधील राष्ट्रीय जॅझ संग्रहालयाने हा संग्रह मिळविला. काही तबकड्या भेगाळल्या होत्या, काहींना बुरशी लागली होती; परंतु ज्या वाचल्या त्यांतील आवाजाच्या स्वच्छतेने जाणकार थक्क झाले. वाजविणारे कलावंत तोवर जवळजवळ सर्वच काळाच्या पडद्याआड गेले होते, आणि ती मैफल दुसऱ्यांदा होणे शक्य नव्हते.

सॅव्हरीच्या हाती त्या काळी जे सर्वांत चांगले साधन होते ते त्याने वापरले. आजच्या श्रोत्याला त्याहून सोपे काम करावयाचे आहे. त्याला तबकडी कोरावयाची नाही, सुई सांभाळावयाची नाही. आलेला प्रवाह तसाच ठेवावयाचा आहे. ज्या घरी येत्या काळात असा कार्यक्रम अपेक्षित असेल तेथे त्या दिवसाची वाट न पाहता आजच कोणत्याही वाहिनीचा पाच मिनिटांचा प्रवाह उतरवून पाहावा, त्याचे वजन वरील ताळ्याने तपासावे आणि तो कान देऊन ऐकावा. चुका व्हावयाच्या त्या या पाच मिनिटांत होऊन जाऊ द्याव्यात.